गोल करतो म्हणून?

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. लंडनमध्ये रात्री आठचा सामना, म्हणजे कोल्हापुरात साडेबाराचा. चॅम्पियन्स लीगमध्ये टॉटनहॅम विरुद्ध व्हिलारियाल. पुतण्या सतरंजीवर लोळत, मी आरामखुर्चीत, घरातले बाकीचे झोपलेले. म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक. शेवटची काही मिनिटं उरली असताना व्हिलारियालने थॉमस पार्टेला बदली खेळाडू म्हणून उतरवलं आणि त्या बारीक आवाजातही ऐकू यावी अशी हुर्यो स्टेडियमभर उठली. पार्टे टॉटनहॅमच्या कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलचा जुना खेळाडू. टॉटनहॅमवाले त्याला ओवाळतील अशी आशा कुणालाच नव्हती, तेव्हा त्या ओरड्यात भाऊबंदकी किती आणि संताप किती, ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तोच पार्टे त्याच शहरातल्या सदर्क क्राउन कोर्टात उभा राहिला. बलात्काराचे पाच आणि लैंगिक हल्ल्याचा एक असे सहा आरोप त्याच्यावर होते, तक्रारदार स्त्रिया तीन. त्याने सगळे आरोप नाकारले.

पुतण्या कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "काका, आरोपच आहेत ना? गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. मग व्हिलारियालने घेतला तर बिघडलं कुठं? न्याय कोर्टाने करायचा, क्लबने नव्हे." मग एकामागून एक मुद्दे आले. बायका खोट्या तक्रारीही करतात. सगळ्यांनाच दुसरी संधी मिळायला हवी. यांनी नसता घेतला तर दुसऱ्याने घेतला असता. चेड इव्हान्सचं काय झालं आठवा. आणि शेवटी, तो काय पुजारी म्हणून ठेवलाय का, मिडफिल्डर म्हणून ठेवलाय.

त्या रात्री मला झोप आवरत नव्हती. उत्तर आता देतो. हा युक्तिवाद एकट्या पुतण्याचा नाही. व्हिलारियालनेही पार्टेला घेताना निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा आपण आदर करतो, असंच सांगितलं होतं.

एक गोष्ट आधी बाजूला ठेवतो. पार्टे दोषी की निर्दोष हे मला माहीत नाही, आणि त्यावर मत देण्याचा मला अधिकारही नाही. मी बोलतोय ते क्लबबद्दल. आर्सेनलशी त्याचा करार ३० जून २०२५ ला संपला, ४ जुलैला त्याच्यावर आरोप ठेवल्याचं पोलिसांनी जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये व्हिलारियालने त्याला घेतलं. खटल्यात काहीही होवो, सही घेतली त्या दिवशी क्लबला काय ठाऊक होतं, एवढंच आपण पाहायचं.

गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष हे तत्त्व थोर आहे, पण ते कुणासाठी आहे? सरकारकडे पोलीस आहेत, तुरुंग आहेत, माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेण्याची ताकद आहे. ती ताकद वापरण्याआधी पुरावा द्या, आणि तो देण्याचा भार तुमच्यावर, असं हे तत्त्व सरकारला बजावतं. आरोपीला कुणी नवी नोकरी द्यावी, ती ताबडतोब द्यावी आणि हजारो लोकांसमोर द्यावी, असं ते कुणालाच सांगत नाही. गावातल्या एका पतसंस्थेत अपहार झाला, रोखपालावर खटला चालू आहे आणि शेजारच्या गावच्या पतसंस्थेने त्यालाच रोखपाल नेमलं, समजा. ठेवीदार बोंब मारतील तेव्हा चेअरमन म्हणणार का, की अहो, निर्दोषत्वाचं गृहीतक आहे? म्हणालेच, तर ठेवीदार पुढचं ऐकायला थांबणार नाहीत. पासबुक घेऊन थेट काउंटरवर जातील.

पुतण्यासारख्याच शिकणाऱ्या मुलांना विचारा, पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी कशी असते. गल्लीतल्या मारामारीत नाव आलं तरी पोरगं हवालदिल होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात म्हटलं आहे की उमेदवाराने संपलेल्या खटल्याची माहिती खरी दिली असली, तरी त्याचा पूर्वेतिहास पाहण्याचा हक्क नेमणूक करणाऱ्याला आहे आणि नेमणूक करायलाच हवी अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. खटला संपल्यावरची ही स्थिती. आपल्याकडचा सरकारी कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबित झाला असं मानलं जातं. तिथे निर्दोषत्वाचं गृहीतक कुणी मोडलं, असं आपण म्हणत नाही. त्याला निर्वाह भत्ता मिळतो, खटला चालतो, सुटला तर तो परत येतो. हा नियम शिपायाला चालतो. मग आठवड्याला लाखभर पौंड कमावणाऱ्यांच्या धंद्यात तो अन्याय कसा होतो?

इथे एक फरक नीट पाहायला हवा, आणि दोन्ही बाजूंचे लोक तो पुसून टाकतात. पदरी असलेला खेळाडू वेगळा आणि नव्याने घ्यायचा खेळाडू वेगळा. पदरी असलेल्याशी करार आहे. त्याचं देणं आहे, त्याची बाजू ऐकण्याचं बंधन आहे. केवळ आरोप झाला म्हणून त्याला रस्त्यावर काढणं चूकच. पण ज्याच्याशी काही संबंध नाही, त्याला बोलावून आणणं ही निव्वळ निवड असते. मुलीला स्थळ आलं की आपण चार ठिकाणी चौकशी करतो आणि काही कानावर आलं की गप्प बसतो. मुलाला तुरुंगात टाका असं त्याचा अर्थ कुणी लावत नाही. नाही म्हणायला पुरावा लागत नाही. हो म्हणायला मात्र कारण लागतं.

त्या कारणाबद्दल आपल्याकडे फार चांगला विचार झालेला आहे, फक्त तो फुटबॉलबद्दल नाही. निवडणुकीत डझनभर खटले अंगावर असलेला उमेदवार उभा राहतो आणि पक्षाचे प्रवक्ते म्हणतात, आरोप सिद्ध झालेले नाहीत, जनतेचं कोर्ट निर्णय देईल. पुतण्या हे ऐकून चिडतो, टीव्ही बंद करतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० ला आदेश दिला की असा उमेदवार निवडलात तर त्याच्यावरचे खटले जाहीर करा आणि तोच का, स्वच्छ माणूस का नाही, याची कारणंही जाहीर करा. पुढची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: कारण उमेदवाराच्या पात्रतेचं, कामाचं, गुणवत्तेचं असायला हवं, नुसती निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. त्यानंतरच्या बिहार विधानसभा निवडणुकीत आदेश नीट पाळला नाही म्हणून २०२१ मध्ये न्यायालयाने अनेक पक्षांना दंडही केला. पक्ष सुधारले असं कुणीच म्हणणार नाही. पण आरोपीला तिकीट देणाऱ्याला काय विचारायचं, तो प्रश्न तरी त्या आदेशाने नेमका लिहून ठेवला.

आता हाच प्रश्न एखाद्या क्लबच्या संचालक मंडळापुढे ठेवा. हाच खेळाडू का? कारण लिहा, पण 'गोल करतो' हे कारण लिहायचं नाही. कागद कोराच परत येईल.

हे मी हवेत बोलत नाही. एका क्लबने आपलं कारण खरोखरच उघड सांगितलं होतं. स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डी गावचा रेथ रोव्हर्स हा जुना, मधल्या फळीतला, गावाचा जीव असलेला क्लब. ३१ जानेवारी २०२२ ला, खेळाडू घेण्याची मुदत संपत आली असताना, त्यांनी डेव्हिड गुडविली या स्ट्रायकरला घेतलं. स्कॉटलंडकडून खेळलेला, आधीच्या क्लाइड क्लबात गोलांचा रतीब घालणारा आणि तिथला कर्णधार. २०११ मधल्या एका प्रकरणात सरकारी पक्षाने पुरावा अपुरा म्हणून त्याच्यावर फौजदारी खटला भरला नव्हता. तक्रारदार स्त्री मग दिवाणी न्यायालयात गेली. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की गुडविली आणि त्याचा एक सहकारी खेळाडू यांनी तिच्यावर बलात्कार केला, आणि एक लाख पौंड भरपाई ठरवली. हे कर्कॉल्डीत कुणापासून लपलेलं नव्हतं.

लोक भडकले तेव्हा क्लबने निवेदन काढलं. त्याचा मथितार्थ असा की हा मुळात फुटबॉलविषयक निर्णय आहे आणि त्याची खेळातली क्षमता आम्हाला महत्त्वाची वाटली. निवडून येण्याची क्षमता! आपले प्रवक्तेही इतकं सरळ बोलत नाहीत, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्या मंडळाचं थोडं कौतुकच आहे.

पुढच्या दोन-तीन दिवसांत जे झालं ते 'मिडफिल्डर म्हणून ठेवलाय, पुजारी म्हणून नाही' असं म्हणणाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावं. गुन्हेगारी कादंबऱ्यांची जगप्रसिद्ध लेखिका व्हॅल मॅकडरमिड या क्लबची आयुष्यभराची चाहती. तिचे वडील रेथसाठी नवे खेळाडू हेरायचे, आणि क्लबच्या शर्टावर प्रायोजक म्हणून तिचं नाव होतं. तिने प्रायोजकत्व काढून घेतलं. महिला संघाच्या कर्णधाराने अनेक वर्षं अंगावर वागवलेला क्लबचा शर्ट उतरवला. दोन संचालकांनी राजीनामे दिले. माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन, तोही लहानपणापासून रेथचा, उघडपणे विरोधात बोलला. ३ फेब्रुवारीला क्लबने चूक झाल्याचं मान्य केलं: गुडविली आमच्याकडून खेळणार नाही. मार्चमध्ये त्याला उसनवारीवर परत क्लाइडकडे धाडलं, तर क्लाइडचं मैदान ज्या नगरपालिकेच्या मालकीचं तिने त्याला मैदानात यायला मनाई केली आणि क्लाइडच्या महिला संघाने क्लब सोडला. तो करारही गुंडाळावा लागला.

क्लब नावाची गोष्ट कशाची बनलेली असते, ते त्या तीन दिवसांत दिसलं. अकरा माणसं गोल मारायला ठेवली की क्लब होत नाही. त्यात शर्ट विकत घेणारी माणसं असतात, दर रविवारी पोराचा हात धरून येणारा बाप असतो, ड्रेसिंगरूममध्ये पट्ट्या बांधणारी फिजिओ असते, मुलींचा संघ असतो. खेळाडूचा फोटो भिंतीवर लावायला विकणारा क्लब नंतर म्हणू शकत नाही की मैदानाबाहेरचं मैदानाबाहेर. मैदानाबाहेरचंच तर तो विकत असतो. आमच्याकडे तालमीच्या संघात कोण खेळतो यावरून पेठेत आठवडाभर चर्चा चालते. तो खेळाडू आपला आहे असं पेठ मानते, म्हणूनच ना?

"पण गुडविलीला फौजदारी शिक्षा झालीच नाही," हे मला पुढचं ऐकावं लागेल. खरं आहे. आणि नेमकं म्हणूनच 'कोर्टाने ठरवू दे' हा मुद्दा तोकडा पडतो. स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्यात आरोपाला दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याची पुष्टी लागते. बंद दाराआड घडलेल्या गुन्ह्यात ती कुठून आणायची? सरकारी पक्षाने खटला भरला नाही याचा अर्थ शिक्षा होईल इतका पुरावा हाती लागला नाही, एवढाच. काही घडलं नाही, असा तो होत नाही. दिवाणी न्यायालयात कसोटी वेगळी: कोणती बाजू अधिक संभाव्य. तेही कोर्टच, तिथेही वकील, उलटतपासणी, न्यायाधीश. कोर्टाचा मान राखायचा तर दोन्ही कोर्टांचा राखा. आपल्याला सोयीचं तेवढंच कोर्ट निवडून त्याला न्यायव्यवस्था म्हणायचं, हे बरं जमतं.

खोट्या तक्रारी होतात का? होतात. म्हणून तर खटला लागतो, आणि म्हणूनच तो पुरा होईपर्यंत थांबायला मी सांगतोय. तक्रार खरी धरून चाला असं मी म्हणत नाही. खोटी धरून करार करू नका, एवढंच म्हणतो. कारण हातात करार आणि समोर कॅमेरे घेऊन खेळाडूच्या खांद्यावर हात टाकणारा अध्यक्ष तटस्थ राहिलेला नसतो. तीन स्त्रिया कोर्टात साक्षीला उभ्या राहायच्या असतात तेव्हा हजारो लोक व्हिलारियालचे पिवळे शर्ट घालून दुसऱ्या बाजूच्या नावाने गाणी म्हणतात. त्याचा त्यांच्यावर काय परिणाम होतो हे मोजता येत नाही, म्हणून तो नसतो असं मानायचं का?

दुसऱ्या संधीचं तर मला नेहमी नवल वाटतं. एकाच दमात लोक म्हणतात, त्याने काही केलेलं नाही, आणि त्याला दुसरी संधी द्या. केलेलंच नाही म्हणता, तर दुसरी संधी कशाची? पहिलीच चालू आहे की. दुसरी संधी ही शिक्षा भोगलेल्याची, चूक पदरात घेतलेल्याची असते, आणि ती द्यायला माझी काहीच हरकत नाही. प्लिमथ आर्गाइलचा गोलरक्षक ल्यूक मकॉर्मिक २००८ मध्ये बेदरकार गाडी चालवत होता आणि त्यात दोन लहान मुलांचा जीव गेला. तो तुरुंगात गेला, २०१२ मध्ये सुटला, पुढच्या वर्षी त्याच क्लबात परतला आणि पुढे कर्णधारही झाला. अनेकांना ते रुचलं नाही, आणि त्या मुलांच्या आईवडिलांच्या जागी मी असतो तर मलाही रुचलं नसतं. पण तिथे हिशोब पुरा झाला होता. क्लबला, गावाला, प्रेक्षकाला काय झालं ते ठाऊक होतं आणि ते ठाऊक असून त्यांनी निर्णय घेतला. अर्धवट खटल्यात हा निर्णय घेताच येत नाही. तिथे मंडळ फक्त पैज लावतं.

आता चेड इव्हान्स. पुतण्याचा हुकमाचा एक्का. शेफील्ड युनायटेडचा वेल्श स्ट्रायकर. एप्रिल २०१२ मध्ये बलात्काराबद्दल पाच वर्षांची शिक्षा, ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटका. शेफील्डने सरावाला यायची परवानगी देऊ केली, तेव्हा गदारोळ झाला. ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस-हिल म्हणाली की त्याला करार दिलात तर स्टँडवरचं माझं नाव काढा. परवानगी मागे घेतली गेली. जानेवारी २०१५ मध्ये ओल्डहॅम या क्लबने त्याला घ्यायचं ठरवलं, तेही फिसकटलं. एप्रिल २०१६ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली, ऑक्टोबरमध्ये फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. "बघा," पुतण्या म्हणतो, "निर्दोष माणसाची वर्षं वाया गेली."

गेली, नाकारण्यात अर्थ नाही. पण जरा तारखा पाहू. जानेवारी २०१५ मध्ये इव्हान्स कायद्याच्या नजरेत आरोपी नव्हता, दोषी होता. ज्युरीने तसं ठरवलं होतं. तेव्हा त्याला घ्या म्हणणारे काय म्हणत होते? कोर्टही चुकू शकतं. आणि आज पार्टेबाबत तीच मंडळी म्हणतात, कोर्ट ठरवेल, आपण कोण? कोर्टाने दोषी म्हटलं तरी घ्या, कोर्टाने अजून काही म्हटलं नाही तरी घ्या, दिवाणी कोर्टाने म्हटलं तर ते कोर्ट मोजायचंच नाही. तिन्ही वेळा कोर्ट बदलतं, सल्ला बदलत नाही. मग त्या सल्ल्याचं मूळ कोर्टात नाही, गोलपोस्टच्या जाळ्यात आहे. आणि इव्हान्सचं पुढे काय झालं? निर्दोष सुटल्यावर, २०१७ मध्ये, शेफील्ड युनायटेडनेच त्याला विकत घेतलं. दार बंद झालं नव्हतं, लोटलेलं होतं.

"आपण नाही घेतला तर दुसरा घेईल." हे मी वाळूवाल्यांकडून ऐकलं आहे, नदीपात्रात रात्री जेसीबी उतरवणाऱ्यांकडून. घेऊ दे की दुसऱ्याला. पण या वाक्यात एक गोष्ट दडलेली असते, ती मंडळी मोठ्याने बोलत नाहीत: दुसरे मागे सरले की भाव पडतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याला गिऱ्हाईक कमी, म्हणून एरवी आवाक्याबाहेरचा खेळाडू मधल्या फळीतल्या क्लबला परवडतो. त्याला आपण धाडस म्हणतो, मानवतावाद म्हणतो. बाजारात त्याला पडत्या भावात माल उचलणं म्हणतात.

माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. ओल्डहॅमच्या वेळी क्लबच्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना धमक्या आल्या होत्या. तो प्रकार घाणेरडा होता आणि त्याने कुठल्याच स्त्रीचं भलं झालं नाही. आरोप झाला की आयुष्यभराची बंदी, पगार बंद, नाव पुसा, हेही मला मान्य नाही. बेंजामिन मेंडीची गोष्ट त्यासाठी वाचावी. मँचेस्टर सिटीचा हा फ्रेंच बचावपटू ऑगस्ट २०२१ मध्ये बलात्काराच्या आरोपांखाली अडकला. क्लबने त्याला निलंबित केलं ते योग्यच, पण पगारही थांबवला. सहकारी खेळाडूंकडून उसने पैसे घ्यायची वेळ आल्याचं त्याने नंतर सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये बहुतेक आरोपांतून आणि जुलैमध्ये फेरखटल्यात उरलेल्यांतून तो निर्दोष सुटला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कामगार न्यायाधिकरणाने निकाल दिला की कोठडीतला काळ वगळता थकलेल्या पगाराचा मोठा भाग क्लबने त्याला द्यायला हवा. निर्दोषाला वाट पाहायला लावायची असेल तर त्या वाटेचा खर्च जवळ पैसा असलेल्याने उचलावा. खेळाडूंची संघटना आणि लीग यांनी ठरवलं तर खटला चालू असलेल्या करारमुक्त खेळाडूसाठीही निर्वाह भत्त्यासारखं काही करता येईल. फुटबॉलमधल्या पैशाकडे पाहता हे काही डोंगर उचलण्याचं काम नाही.

हे सगळं पुतण्याला परवा जेवताना सांगितलं. तो बराच वेळ भात कालवत राहिला. मग म्हणाला, "पण काका, तिशीच्या खेळाडूची दोन वर्षं म्हणजे सगळंच की. सुटला तरी पुन्हा घेणार कोण त्याला?"

मेंडी १४ जुलै २०२३ ला सुटला, तेव्हा त्याचं वय अठ्ठावीस होतं आणि सिटीशी करार दोन आठवड्यांपूर्वीच संपला होता. फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीत खेळणाऱ्या लोरियाँने त्याला करार दिला. निकाल आणि करार यांच्यात एक आठवडाही गेला नाही.